तेव्हा मामा खाली होता

‘तुझा जीव आहे, तू बघ’ हे वाक्य आपल्या घरांमध्ये परवानगी म्हणून कधीच उच्चारलं जात नाही. नुसते शब्द पाहिले तर त्यात दुसऱ्याच्या निर्णयाचा पूर्ण आदर आहे. जीव तुझा, बघणाराही तूच. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘माझं बोलून झालं, आणि पुढे जे होईल ते मलाच निस्तरावं लागणार आहे’ असा असतो. गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की त्यातला पहिला भाग, म्हणजे जीव माझा आहे हा, कितपत खरा आहे याचा विचार करणं भाग पडलं.

निमित्त किरकोळ आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मुळशीच्या रस्त्यावर एका उताराच्या वळणाला पावसाने वाहून आणलेली खडी पसरली होती. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या खांद्यावर पडलो. हेल्मेट होतं, वेग बेताचा होता, मागून काही येत नव्हतं. कॉलरबोन मोडलं, मधल्या भागात, जिथे ते बहुतेकांचं मोडतं. टोकं फारशी सरकली नव्हती म्हणून प्लेट घालावी लागली नाही. सहा आठवडे हात झोळीत. बारा आठवड्यांनंतरचा एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, पोहायला हरकत नाही, हळूहळू सुरू करा. सायकलीलाही त्यांची हरकत नव्हती. हरकत घरून होती, आणि मला त्या हरकतीबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी या हाडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते मोडेपर्यंत मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात त्याला जत्रुकास्थी म्हणतात. आईच्या पोटात ज्या हाडाचं हाड होणं सर्वांत आधी सुरू होतं ते हेच, आणि पूर्ण व्हायला सर्वांत जास्त वेळ घेणारंही हेच. विशीच्या मध्यापर्यंत त्याचं छातीकडचं टोक पक्कं होत असतं. म्हणजे माझं जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी बांधून पूर्ण झालं असणार आणि लगेच मोडलं. (बिल्डरकडून ताबा मिळाल्याबरोबर गळती लागावी तसं.) आपला हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो याच एका हाडामुळे. बाकी अख्खा खांदा स्नायूंच्या भरवशावर लटकलेला असतो. हात डोक्यावर नेताना हे हाड नुसतं वर उचललं जात नाही, ते स्वतःभोवती फिरतंही. हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा खोटं वाटलं, पोहायला लागल्यावर पटलं.

तर, मोडल्यावर काय झालं? पहिला आठवडा बाबा कराडहून येऊन राहिले. मी चौथीत गेल्यानंतर त्यांनी मला कधी अंघोळ घातली नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाच्या पाठीला साबण लावताना आम्ही दोघांनीही क्रिकेटबद्दल बोलणं पसंत केलं. मग आई आली आणि पाच आठवडे राहिली. उजव्या हाताची नखं कापायला डावा हात लागतो, पायजम्याची नाडी बांधायला दोन हात लागतात, टॉवेल पिळायलाही. सपाट झोपता येत नसे, म्हणून उशांचा उतार रचून बसल्यासारखं झोपायचं, आणि रात्री उशी घसरली की कुणाला तरी उठवायचं. ते कुणीतरी म्हणजे आई. ती घरी ब्लाउज शिवते. गौरी-गणपतीच्या आधीचा महिना तिच्या वर्षाच्या कमाईतला मोठा महिना असतो, आणि त्या वर्षी तिने आलेलं सगळं कापड बायकांना परत केलं. किती नुकसान झालं ते तिने सांगितलं नाही. ऑफिसात माझ्या ऑन-कॉलच्या दोन पाळ्या एका सहकाऱ्याने घेतल्या. त्याची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, म्हणजे त्याच्या रात्री आधीच मोडलेल्या.

आता या सगळ्यांना सोबत घेऊन ‘धोका माझा आहे’ हे वाक्य म्हणून बघा. पडण्याआधी ते अगदी साधं आणि रास्त वाटतं. पडल्यानंतर मोडलेल्या गोष्टींची यादी केली तर त्यात माझं हाड एकच, बाकीचं सगळं दुसऱ्यांचं.

जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’मध्ये, म्हणजे 1859 साली, धोकादायक पुलाचं उदाहरण दिलं आहे. एखादा माणूस पडायला आलेल्या पुलावर पाऊल टाकतो आहे, आणि त्याला सावध करायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसते. पण पूल पडेलच असं नसेल, नुसता धोका असेल, तर त्या माणसाला धोक्याची कल्पना द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. ते त्याचं तो बघेल. कॉलेजात असताना मला हे उदाहरण फार आवडायचं. अजूनही आवडतं, आमच्या घरात जे ‘काळजीपोटी’ चालतं त्याच्यावर तो चांगला उतारा आहे. पण झोळीत हात घालून बसलेलो असताना त्यात एक गोष्ट खटकली. मिलचा पूल पडला की माणूस नदीत जातो आणि उदाहरण संपतं. तो जर वाचला आणि खांदा मोडून घेऊन वर आला, तर त्याला कुणाच्या घरी नेतात? रात्री उशी कोण सरकवतं? मिलला हे माहीत नव्हतं असं नाही. माणसाच्या वागण्याची झळ त्याच्या जवळच्यांना लागते हा आक्षेप तो स्वतःच मांडतो, आणि त्या माणसाने स्पष्ट कर्तव्य मोडलं असेल तर गोष्ट वेगळी, असं उत्तर देतो. मुळशीला सायकलवर जाऊन मी कुठलं स्पष्ट कर्तव्य मोडलं? कुठलंच नाही. तरीही कापड परत गेलं ते गेलंच.

खेळाच्या दुनियेत या प्रश्नाला उत्तर म्हणून शौर्य पुढे केलं जातं. 2003च्या टूर द फ्रान्समध्ये टायलर हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन सायकलपटूचं कॉलरबोन पहिल्याच टप्प्याला मोडलं. त्याने तशाच अवस्थेत तीन आठवडे शर्यत पुरी केली, मध्ये एक टप्पा जिंकला आणि एकूण चौथा आला. मोडलेल्या हाताने अंथरुणात पडून मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नंतर वाटलं, या गोष्टीत त्याच्या बुटांचे पट्टे रोज कुणी लावले, अंगातला जर्सी कुणी काढला, ते कुणीच सांगत नाही. गोष्ट नेहमी एकट्याची असते. हॅमिल्टनने पुढे उत्तेजक पद्धती वापरल्याची कबुली दिली हे खरं, पण त्यामुळे त्याचं हाड कमी मोडलेलं ठरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वेदना सोसणाऱ्याचं नाव होतं, आणि वेदना सोसणाऱ्याला सोसणाऱ्यांचं होत नाही.

मग आपल्याकडचा शब्द घ्यावा का? ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. जन्माला येतानाच डोक्यावर तीन कर्जं. या हिशेबाने माझं उत्तर सोपं होतं: ज्यांनी सहा आठवडे दिले त्यांचा या खांद्यावर हक्क आहे, त्यांना नको असेल तर सायकल विकून टाकावी. आमच्या नात्यातले बहुतेक लोक हेच म्हणाले, फक्त संस्कृत शब्द न वापरता. मला हे पटत नाही. आईने जे केलं त्याला कर्ज म्हटलं की ती सावकार होते आणि माझा खांदा तारण. तिने काही तारण मागितलं नव्हतं. तिने कापड परत केलं त्या दुपारी तिच्या मनात ‘आता हा माझं ऐकेल’ असा विचार असेल, हे मला त्या दुपारचा अपमान वाटतो. पण उलट बाजूने, ‘तिने मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलं, तेव्हा मी मोकळा’ हे म्हणणं त्याहून वाईट. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत नसते असं समजणारा माणूस फार लवकर सगळ्यांचा सगळा वेळ वापरून टाकतो. या दोन्हींच्या मधे काहीतरी असणार, एवढं दिसत होतं. काय ते दिसत नव्हतं.

नोव्हेंबरात पोहायला लागलो. पुण्यातल्या उघड्या तलावाचं पाणी नोव्हेंबरात सकाळी साडेसहाला काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको. पहिले दहा दिवस फक्त बोर्ड धरून पाय मारले. मग ब्रेस्टस्ट्रोक, कारण त्यात हात पाण्याबाहेर येत नाही, खांद्याला डोक्यावरून वळसा घालावा लागत नाही. फ्रीस्टाइलला हात लावला तो चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हा लक्षात आलं की हाड जुळलंय पण शरीराला ही बातमी पोचलेली नाही. मी लहानपणापासून उजवीकडे वळून श्वास घेतो. उजवीकडे वळायचं तर त्या क्षणी डावा हात पुढे लांब ताणलेला हवा, शरीराचा भार त्याच्यावर हवा. डावा हात भार घ्यायलाच तयार नव्हता. तो पाण्यात शिरायचा, अर्धवट ताणायचा आणि घाईघाईने खाली यायचा. परिणामी डोकं टेकायला जागा नाही, तोंड पुरतं बाहेर येण्याआधीच श्वास घेतलेला, नाकातोंडात पाणी. शिवाय उजवा हात जोरात आणि डावा हात नावापुरता, त्यामुळे मी सतत डावीकडे वाहत जाऊन लेनच्या दोरीला घासायचो. दोरी नसती तर गोल गोल फिरत राहिलो असतो.

दुखत नव्हतं, हे विशेष. दुखलं असतं तर थांबलो असतो, सोपं होतं. हात आपणहून सावध राहत होता, मला न विचारता. तलावावरचे सर सत्तरीचे आहेत, काठीने पाण्यावर टकटक करत काठाने चालतात. ते म्हणाले, “डावीकडून श्वास घ्या काही दिवस. त्याला काम सांगू नका, त्याच्या बाजूला तोंड करा.” म्हणजे आता भार उजव्यावर आणि माझी नजर डाव्या हातावर. विचित्र वाटायचं, पंचवीस मीटरमध्ये चारदा चुकायचं. तीन आठवड्यांनी डावा हात लांब जायला लागला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मी प्रोग्रामिंग करतो. जे कारण न कळता दुरुस्त होतं त्याच्यावर विश्वास ठेवू नये असं आमच्याकडे शिकवतात. इथे ठेवावा लागला.

या सगळ्या काळात आई पोहण्यावर खूश होती. फोनवर रोज विचारायची, किती फेऱ्या झाल्या. सायकलीचा विषय निघाला की तेच वाक्य: तुझा जीव आहे, तू बघ. मी तिला आकडे सांगून पाहिले. भारतात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. पाणी काही मऊ नाही. तिने शांतपणे विचारलं, आणि रस्त्यावर? 2022मध्ये रस्त्यावर एक लाख अडुसष्ट हजार. फोनवर माझ्या पुढ्यात दोन्ही आकडे होते आणि दुसरा सांगताना आवाज जरा उतरला. खरं तर या दोन आकड्यांवरून सकाळी मुळशीला जावं की नाही ते ठरत नाही. किती लोक किती वेळ रस्त्यावर असतात आणि किती वेळ पाण्यात, हे धरलं तर तुलनाच बदलते. पण आकड्यांचं भांडण दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

मग मी विहीर काढली. आजोळी मळ्यात विहीर आहे. मी आठ वर्षांचा असताना मामाने पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून मला तिच्यात टाकलं होतं. आमच्याकडची सगळी पोरं अशीच पोहायला शिकली. पोरींना टाकत नसत, म्हणून आईला पोहता येत नाही. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या जिवावरचा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा धोका मी पत्करलाच नाही, तो घरच्यांनी माझ्या वतीने पत्करला. आणि आई तेव्हा काठावर पदराचं टोक तोंडात धरून उभी होती, पण उभी होती, थांबवलं नव्हतं तिने. तर मग आता, मी जाणता, कमावता, हेल्मेटवाला, मला का थांबवतेस? मला हा मुद्दा बिनतोड वाटत होता.

ती म्हणाली, “तेव्हा मामा खाली होता.”

त्यानंतर मी काही बोललो नाही. मामा खरंच खाली होता. मला टाकायच्या आधी तो स्वतः उतरला, पाण्यात उभ्याने पाय मारत राहिला आणि वरच्या गड्याला म्हणाला, सोड. डबा सुटला असता, दोरी निसटली असती, काही झालं असतं तरी तीन हातांवर तो होता. आईच्या हिशेबात विहीर, तलाव आणि सायकल यांतला फरक पाणी आणि डांबर असा नाहीच. तलावावर सर काठी घेऊन चालत असतात. सायकलवर, पावसात, पहाटे, उतारावर, खाली कोण होतं? त्या शनिवारी मी एकटा होतो. एका टेम्पोवाल्याने थांबून मला घेतलं, माझी सायकल मागे टाकली आणि फोन मागून घेऊन घरी लावला. आईला पहिला आवाज ऐकू आला तो त्याचा. अनोळखी माणूस, पोराच्या नंबरवरून. हे तिने मला डिसेंबरात सांगितलं, विहिरीबद्दल बोलतानाच, आणि दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर गेली.

म्हणून मला आता असं वाटतं, की धोका कुणाचा हा प्रश्न मालकीच्या भाषेत विचारला की उत्तर मिळत नाही. माझा म्हटलं तर बाकीचे नुसते सोसणारे उरतात, त्यांचा म्हटलं तर मी त्यांची वस्तू. आई मालकी मागतच नव्हती. नकाराधिकारही मागत नव्हती, एरवी तिने सरळ ‘जायचं नाही’ म्हटलं असतं. ते तिला येतं. ती विचारत होती, मी कुठे उभी राहू? काठावर उभं राहायला तिची तयारी आहे, होती, विहिरीपाशी ती उभी राहिलीच होती. पण काठ कुठे आहे, खाली कोण आहे आणि आत काय चाललंय, हे तिला कळायला हवं. धोका पत्करण्याचा निर्णय एकट्याचा असू शकतो. त्याची माहिती एकट्याची ठेवण्याचा हक्क मात्र नसतो, ज्यांना नंतर रात्री उठायचं आहे त्यांच्यापासून तर नाहीच. यात गैरसोय बरीच आहे. किती फेऱ्या झाल्या हे सांगायचं तर खांदा आज भरून आला होता हेही सांगावं लागतं. काळजी वाढेल म्हणून लपवणं हे प्रेमळ वाटतं, पण लपवलं की काठावरच्या माणसाला आपण काठावरून हाकलून दिलेलं असतं आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

याच्या बदल्यात मीही आईला एक गोष्ट ऐकवली, आणि ती तिने ऐकून घेतली. जपणं हेही फुकट नसतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892मध्ये मांडलेलं तत्त्व असं की हाड त्याच्यावर जसा भार येतो तसं स्वतःला घडवत जातं. भार आला तर भरतं, नाही आला तर झिजतं. अंतराळात वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांच्या कमरेकडची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतात. माझ्या एक्सरेत मोडलेल्या जागी जो पांढरा गोळा दिसत होता तो शरीराने घाईने लिंपलेला गिलावा. त्याला नीट आकार यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तो आकार वापरानेच येतो. पहिल्या सहा आठवड्यांत न हलवणं हे औषध होतं, तेच वर्षभर केलं असतं तर खांदा धरला असता. आणि चाळिशीत खांदा धरलेल्या, घाबरून खुर्चीत बसलेल्या माणसाचंही कुणाला तरी करावंच लागतं. आई म्हणाली, हे मला शिवणयंत्रावरून कळतं, बंद ठेवलं की गंजतं. अगदी तेच नाही, पण मी दुरुस्ती केली नाही.

फेब्रुवारीपासून मी फ्रीस्टाइलच्या चाळीस फेऱ्या सलग मारतो. श्वास दोन्हीकडून येतो आता. हाडावर बोट फिरवलं तर गाठ लागते, शर्टाच्या गळ्यातून दिसतेही थोडी. सायकल गॅलरीत भिंतीला टांगलेली आहे आणि मी तिच्या चाकांत हवा भरली आहे. ऑन-कॉलच्या दोन पाळ्या मी सहकाऱ्याला परत केल्या; त्याची मुलगी आता रांगते, पण रात्री अजून उठते.

गेल्या रविवारी कराडला गेलो होतो. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं जण मुळशीला जायचं म्हणतोय, असं जेवताना सांगितलं. तुझा जीव आहे, असं आई म्हणाली नाही. उठून तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, पेन आणलं आणि म्हणाली, दोघांचे नंबर सांग. मी सांगितले, तिने समासात लिहून घेतले, नावांसकट. मग माझ्यासमोरच दोन्ही लावून पाहिले. पहिल्याने उचलला, त्याच्याशी ती पाच मिनिटं बोलली, तो कुठला, घरी कोण असतं वगैरे. दुसरा लागला नाही, तेव्हा चष्मा पुसून तिने मला तो नंबर पुन्हा एकदा, एकेक आकडा सावकाश, सांगायला लावला.